न कळण्याचा नवस

दिग्रसमध्ये आमच्या गल्लीत बातमी दोन वाटांनी येते. एक मोबाईलवर आणि दुसरी विजयमालेकडून. दुसरी आधी पोचते आणि तिच्यात तपशील जास्त असतो.

विजयमाला इंगोले माझ्या घरासमोर राहते. वय सेहेचाळीस, बारावी पास. नवऱ्याची पाच एकर कपाशी-तूर आहे आणि हिचा स्वतःचा बांगड्यांचा धंदा. वीस वर्षं ही बाई आधी एसटीने आणि मग स्कुटीने दिग्रस-आर्णीकडची गावं आणि तांडे फिरते आहे. बांगडी भरताना बाईचा हात तिच्या हातात असतो, आणि बाईचं सगळं लक्ष मनगटाकडे. अशा वेळी तोंडावर कोणाचा पहारा नसतो. कोणाची सून माहेरी बसली, कोणाच्या मुलीला पुसदचं स्थळ आलं, कोणी देवळात एकशे एक म्हणून सांगून अकराच टाकले, हे सगळं विजयमालेच्या टोपलीत जमा व्हायचं आणि संध्याकाळी आमच्या गल्लीत वाटलं जायचं. तिच्या सासूने तिचं नाव फुटका माठ ठेवलं होतं. सासू गेली, नाव राहिलं.

मी भगवानराव दुधे. छत्तीस वर्षं टपालखात्यात काढली, सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. दुसऱ्याचं पाकीट उघडायचं नाही हा एकच धर्म मी आयुष्यात नीट पाळला. म्हणूनच डॉक्टर समीक्षा गावंडे माझ्याकडे आल्या.

ही समीक्षा मूळची आर्णीची, कापूसवाल्याची मुलगी. मानसशास्त्र शिकली, बेंगलोरला दहा वर्षं राहिली, बोलून करायच्या उपचारांवर तिने केलेलं संशोधन परदेशात वाचलं जातं असं म्हणतात. मी वाचलेलं नाही, मला समजणारही नाही. पण माझ्या ओसरीवर बसून तिने जे सांगितलं ते समजलं. ती म्हणाली की उदासीचा आजार तापासारखाच खरा असतो. आपल्या भागात तो बायकांना होतो आणि घरचे त्याला आळस म्हणतात. औषधाची परीक्षा होते, मग बोलण्याची का नको? गावातल्याच मुलीला शिकवलं, तिने आठ वेळा घरी जाऊन ठरलेल्या पद्धतीने बोललं, तर बाई उठून उभी राहते का? राहते असं नुसतं म्हणायचं नाही. मोजून दाखवायचं.

मोजायची रीत अशी. दोनशे बारा आजारी बायका निवडल्या, त्यांच्या संमतीने. निम्म्यांकडे डॉक्टरांनी शिकवलेली राखी राठोड आणि तिच्या जोडीच्या दोन मुली जाणार. निम्म्यांना दवाखान्यातला नेहमीचा इलाज आणि अभ्यास संपल्यावर त्यांच्याकडेही मुली जाणार. कोण कुठल्या निम्म्यात, हे चिठ्ठीने ठरायचं. त्या चिठ्ठ्यांची बंद पाकिटं आणि त्यांची यादी डॉक्टरांच्याही हाती राहायची नव्हती. ती माझ्या लोखंडी कपाटात आली. नवीन बाई आली की मी एक पाकीट फोडायचं, यादीत नाव चढवायचं आणि राखीला कळवायचं किंवा नाही कळवायचं.

आणि मग बायका बऱ्या झाल्या की नाही हे विचारायला जाणारी बाई तिसरीच हवी. तिला हे अजिबात माहीत नसावं की समोरच्या बाईकडे राखी येते की नाही. मी विचारलं, एवढी काय भानगड? डॉक्टर म्हणाल्या, "काका, सून आपल्या भावाची मुलगी असली की तिची भाजी कधी खारट लागते का? जिच्यावर उपचार झाला हे ठाऊक असतं, ती आपल्याला आपोआप बरी दिसायला लागते."

हे पटलं. पण ती मोजणारी बाई म्हणून त्यांनी विजयमालेचं नाव घेतलं तेव्हा माझा चहा नाकातून आला.

त्यांचं म्हणणं असं की चार पदवीधर मुली पाठवून पाहिल्या. आमच्या बायकांनी चौघींना एकच उत्तर दिलं, सगळं बरं आहे. विजयमाला गेली तर दहाव्या मिनिटाला बाई सांगायला लागते की चार महिने झोप नाही, जेवण जात नाही, कधी कधी जगणंच नको वाटतं. नऊ प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. त्या गुणांत खरं उतरवून आणणारी दिग्रसच्या बाजूला ही एकच होती. तिच्यातून बाहेर काही पडायचं नव्हतं आणि तिच्या आत राखीची बातमी जायची नव्हती, बस्स. बांबूच्या टोपलीत पाणी आणायला सांगण्यासारखं ते काम होतं, पण माझं कोण ऐकतो.

विजयमालेने काम घेतलं ते पैशासाठी नव्हे, हे मी छातीठोक सांगतो. पहिल्याच दिवशी गळ्यात ओळखपत्र घालून ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विनाकारण दोनदा गेली. आजवर तिच्या ज्या गोष्टीला सगळे दोष म्हणत आले, तिला कोणीतरी पहिल्यांदा कसब म्हटलं होतं.

पहिल्याच महिन्यात नऊ भेटी फुटल्या.

भेट फुटली म्हणजे समोरच्या बाईकडे राखी येते की नाही ते तिला कळलं. कळलं की अर्ज भरायचा, ती बाई तिच्याकडून काढायची आणि आर्णीच्या दुसऱ्या मोजणीवालीला द्यायची. पहिली भेट चहाने फोडली. आपल्याकडे घरी आलेल्याने चहा नाही घेतला तर तो अपमान असतो. यजमानीणबाईने कप पुढे केला आणि मोठ्या मायेने म्हणाली, "घ्या, राखीताई बी याच कपात पेते." दुसरीकडे भिंतीवर राखीने लावलेला तक्ता होता, खुणा केलेला. तिसरीकडे विजयमालेने नियमाप्रमाणे छापील वाक्य वाचून दाखवलं की तुमच्याकडे कोणी येतं की नाही हे मला कृपया सांगू नका. झालं. सांगू नका म्हटलं की आपल्या माणसाच्या पोटात दुखायला लागतं. ती बाई म्हणाली, "नाही सांगत जी. पण मंगळवारी येते."

तेवढ्यात बेंगलोरहून एक मोठे प्राध्यापक आले. या अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या कमिटीचे ते प्रमुख. माणूस सभ्य, पण बोलायला धारदार. त्यांनी नऊचा आकडा पाहिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की खेड्यात गुपित टिकत नाही, हा त्यांचा अनुभव आहे. दहातली एक भेट फुटली तर या मोजणीवर जगात कोणी विश्वास ठेवणार नाही. पुढच्या तिमाहीत हेच दिसलं तर अभ्यास बंद करावा लागेल. मग राखीच्या बायका बऱ्या झाल्या काय आणि नाही काय, सांगोवांगीची गोष्ट होईल.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. सात वर्षांची मेहनत होती. विजयमाला कोपऱ्यात मांडीवर हात ठेवून बसली होती. मोजणी हा शब्द त्यांनी वापरला, नाव घेतलं नाही. पण फुटका माठ कोणाला म्हणतात हे तिला लग्न झाल्यापासून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दिसली नाही. दहाच्या सुमाराला घंटीबाबाच्या मंदिराकडून आली, कपाळाला अंगारा, हातात फोडलेला नारळ. सरळ डॉक्टरांच्या ऑफिसात. मी पाकिटं घेऊन तिथेच बसलो होतो.

"मॅडम, मी नवस बोलून आली," ती म्हणाली. "ह्या कामातल्या बाईकडं कोण येते न येते, ते ऐकणार नाही, पाहणार नाही, अन् काम पार पडेपर्यंत कोणाच्या घरचा चहा घेणार नाही. पार पडलं तं झाडाखाली शंभर माणसाले रोडग्याचं जेवण."

डॉक्टर गोंधळल्या. विजयमालेने त्यांना समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. छापील वाक्य सरकारी असतं, आणि सरकारी गोष्ट मोडायलाच असते. दुसऱ्याचा नवस मोडायची आपल्याकडे कोणाची छाती नाही. नवस म्हटला की कारणसुद्धा कोणी विचारत नाही. "खोटं सांगा म्हणसाल तं मले जमणार नाही," ती म्हणाली, "म्हणून खराच बोलली."

डॉक्टरांनी छापील वाक्याऐवजी हे नवसाचं वाक्य रीतसर कमिटीकडे पाठवलं आणि कमिटीने मंजूर केलं. देवाचा नवस कमिटीने मंजूर केल्याचं माझ्या ऐकण्यात हे पहिलंच.

आणि मग जे झालं ते पाहायला प्राध्यापक असायला हवे होते. उंबऱ्यावर उभी राहून विजयमाला सांगायची, बाई, माझ्यावर नवस आहे, तुमच्याकडं कोण येते ते माझ्या कानावर पडलं की तो फिटणार नाही. एवढं पुरे व्हायचं. जी गोष्ट तिला एकटीला सांभाळता येत नव्हती, ती आता अख्खं गाव सांभाळायला लागलं. स्कुटीचा आवाज आला की तक्त्यावर लुगडं पडायचं. आमच्या ओळखीची सुखीबाई, पंच्याऐंशी वर्षांची, एकदा सुनेला प्रश्न चालू असताना मध्येच "ते राठोडाची पोरगी" एवढं बोलली आणि नातसुनेने तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. खडा विरघळेपर्यंत नऊ प्रश्न संपले होते. ती भेटही डॉक्टरांनी नियमाप्रमाणे फुटलेलीच धरली, पण गुळाचा उल्लेख अर्जात आदराने केला.

त्यानंतरच्या तेरा महिन्यांत भेटी फुटल्या फक्त चार. गुळाची धरून.

विजयमालेचं काय झालं ते मात्र गल्लीने पाहिलं. राखीची स्कुटी लांबून दिसली की ही आपली गाडी वळवून कोसभर फेरा घ्यायची. बाजारात दोन बाया घोळक्यात बोलताना दिसल्या की ही, जी घोळक्याचा वास घेत आयुष्यभर चालली, ती कानावर पदर ओढून पुढे जायची. कोणाच्याही घरातली गोष्ट निघाली की उठायची, कारण कोणती बाई अभ्यासातली निघेल सांगता येत नव्हतं. गल्लीत संध्याकाळच्या बातम्या बंद झाल्या. लोक तिच्या नवऱ्याला विचारायला लागले, बाईची तब्येत बरी आहे ना? तिलाच उदासीचा आजार झाला अशी बातमी फिरली, आणि ती सगळ्यात शेवटी कळली ती तिला स्वतःलाच. मला हसू यायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. ज्याला भूक जास्त, त्याचाच उपास खरा.

पण खरा उपास हा नव्हता. तो मानीबाईचा होता.

मानीबाई आडे दिग्रसजवळच्या तांड्यातली. विजयमालेची वीस वर्षांची मैत्रीण. बांगड्या भरता भरता जुळलेली, पण पुढे बहिणीच्या वर गेलेली. ती हिला बाई म्हणते, म्हणजे त्यांच्या बंजारा गोर बोलीत बहीणच. दर आठवडी बाजाराला मानीबाई भाजीची पाटी विकायला यायची आणि पाटी रिकामी झाली की विजयमालेच्या पायरीवर बसून चहा प्यायची. दोघींचं बोलणं माझ्या घरापर्यंत ऐकू यायचं, हसणं त्याच्याही पुढे.

अभ्यास सुरू व्हायच्या आदल्या वर्षी मानीबाईची थोरली मुलगी बाळंतपणात गेली. मूलही गेलं. मानीबाईचा बाजार बंद झाला. आरसे लावून कपडे शिवायची, तेही बंद. अंथरुणात पडून राहायची. घरचे म्हणायचे किती दिवस रडशील. मग ती आर्णीच्या मोजणीवालीच्या हाताने अभ्यासात आली. हे विजयमालेला कळलं तशी तिनेच डॉक्टरांना सांगितलं की मानी माझ्या यादीत नको. डॉक्टर म्हणाल्या, ठीक, पण अभ्यास संपेपर्यंत तिला आजाराचं काही विचारायचं नाही. राखी जाते की नाही हे एका बाईचं कळलं तरी कोण कशी बोलायला लागते त्याचा अंदाज येतो, आणि त्यावरून बाकीच्या ओळखू येतात. विजयमालेने मान हलवली.

दिवाळी होऊन गेल्यावर एका बाजाराच्या दिवशी मानीबाई आली. पाटी नाही, काही नाही. येऊन पायरीवर बसली. अंगात हाडंच राहिली होती. विजयमालेने चहा दिला आणि कापसाच्या भावाबद्दल बोलली. मग कोंबड्यांबद्दल बोलली. मी समोरून पाहत होतो. मानीबाई अर्धा कप ठेवून उठली आणि गेली. विजयमाला तो अर्धा कप हातात धरून पाच मिनिटं उभी होती.

मग ती माझ्याकडे आली.

"मास्तर, एकच सांगा," ती म्हणाली. "माह्या मानीकडं राखी जाते का? जात असेल तं मी गप राहतो. नसेल जात तं अभ्यास गेला चुलीत, मीच जाऊन बसतो तिच्यापाशी. ते मरून राह्यली हो तिथं."

मला माहीत होतं. पाकीट मी फोडलं होतं. राखीच्या यादीत मानीबाईचं नाव होतं आणि राखीच्या दोन भेटी होऊन गेल्या होत्या. माझ्या जिभेच्या टोकावर एक शब्द होता, जो बोललो असतो तर या बाईला त्या रात्री झोप लागली असती. छत्तीस वर्षांत मला एवढं जड पाकीट कधी धरावं लागलं नाही.

मी तोंड उघडायच्या आतच तिने हात वर केला आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

"नोका," भिंतीकडे पाहत ती म्हणाली. "बोलू बी नोका, अन् तोंड बी तिकडं करा. तुमचं तोंड म्हणजे पोस्टकार्ड हाय, येताजाता कोणीबी वाचते."

मग भिंतीलाच उद्देशून तिने विचारलं की एखाद्या बाईच्या जिवाची भीती वाटली तर काय नियम आहे. हा नियम सांगायला मी मोकळा होतो. यादी कुठलीही असो, डॉक्टरांना तिथल्या तिथे कळवायचं, मग त्या स्वतः जातात. तिने तिथूनच फोन लावला. डॉक्टर संध्याकाळीच तांड्यावर गेल्या, काय ते पाहून आल्या आणि विजयमालेला एवढंच म्हणाल्या की तुम्ही कळवलंत ते बरं केलंत. फोन ठेवल्यावरही ती माझ्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. रडत होती. मी पाणी दिलं तर घेतलं नाही. नवस फक्त चहाचा होता, पण मी तिला आठवण दिली नाही.

त्यानंतर मानीबाई दर बाजाराला यायला लागली. यायची, बसायची, चहा प्यायची, जायची. विजयमाला बांगड्यांचे नवे रंग सांगायची, तुरीला फूल आलं म्हणायची. मुलीचं नाव नाही, आजाराचा शब्द नाही. मानीबाई गेली की स्वतःला शिव्या द्यायची. मला म्हणाली होती, "ते आस लावून येते अन् मी भिंतीवाणी बसतो. कोणत्या जन्मी फेडू हे."

शेवटच्या फेरीच्या आधी प्राध्यापकांचं पत्र आलं. त्यांना नवसावर विश्वास नव्हता. त्यांनी एक परीक्षा लावली. शेवटच्या भेटीला गेल्यावर दार उघडायच्या आधी, बाईचं तोंडही पाहायच्या आधी, मोजणीवालीने चिठ्ठीवर अंदाज लिहायचा की या घरी राखी किंवा तिच्या जोडीच्या मुली येत होत्या की नव्हत्या. चिठ्ठी बंद करून माझ्याकडे द्यायची. चोरून माहिती असेल तर अंदाज बरोबर येणारच, माणूस खोटं लिहायला गेला तरी आकडे बोलतात. दहातले नऊ बरोबर निघाले तर अभ्यास बाद.

विजयमालेच्या वाट्याला एकशे चाळीस दारं होती. एकेका दाराबाहेर उभी राहून ती असा विचार करायची, जणू पेपर सोडवतेय. मला म्हणाली, मले तं वाटते शंभरावर बरोबर येतील. मी तोंड तिकडे केलं.

निकाल एका मंगल कार्यालयात होता. बायका, त्यांच्या घरचे, राखी आणि तिच्या जोडीच्या मुली, सगळे होते. प्राध्यापक पुन्हा आले. माझं कपाट पहिल्यांदा सगळ्यांसमोर उघडलं आणि यादी मेजावर आली. आधी अंदाज जुळवून पाहिले. डॉक्टरांनी वाचून दाखवलं, एकशे चाळीसपैकी एकोणसत्तर बरोबर.

विजयमालेचं तोंड पडलं. शेजारच्या बाईला म्हणाली, निम्म्यात बी नाही आली. मला उठून सांगावंसं वाटत होतं, पण प्राध्यापक आधी उठले. त्यांनी डॉक्टरांकडून मराठी करून घेत सांगितलं की नाणं उडवून लिहिलं असतं तर सत्तर बरोबर आले असते. म्हणजे या बाईंना एकशे चाळीस घरांत चौदा महिने जाऊन-येऊन काही म्हणता काही कळलेलं नाही. तीस वर्षं ते हे काम करतात, मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत करतात, आणि इतकं निर्मळ न कळणं त्यांनी पाहिलेलं नाही. मग ते म्हणाले की खेड्याबद्दल ते चुकले होते. आणि भर सभेत विजयमालेला हात जोडले.

मी पाहिलं ते सांगतो. आधी तिला कळलं नाही. मग कळलं, तशी ती हळूहळू ताठ बसली. गल्लीतले चार लोक होते तिथे. ज्यांनी आयुष्यभर फुटका माठ म्हटलं, ते टाळ्या वाजवत होते, आणि त्यात सगळ्यात जोरात मी.

मग खरा निकाल. ज्यांच्याकडे राखी आणि तिच्या मुली गेल्या, त्यांच्यातल्या दहापैकी सहापेक्षा जास्त जणी आजारातून उठल्या होत्या. दुसऱ्या निम्म्यात तीन. फरक योगायोगाचा नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. राखी ओंजळीत तोंड घालून रडत होती. आणि डॉक्टर म्हणाल्या की हा आकडा आता जगात कोणी नाकारू शकत नाही, कारण तो ज्यांनी मोजला त्यांना काही माहीत नव्हतं. पुढच्या सोमवारपासून उरलेल्या सगळ्या बायकांकडे मुली जाणार हेही त्यांनी तिथेच जाहीर केलं.

नवस फेडायचा दिवस त्यानंतरच्या रविवारी. मंदिराबाहेर झाडाखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी, वरण, तुपाची धार. नवसात शंभर माणसं बोलली होती, दीडशे जेवली. प्राध्यापकांसाठी डब्यातून बेंगलोरला दोन रोडगे गेले म्हणे, दगड झाले असतील पोचेपर्यंत.

जेवणं आटोपल्यावर मानीबाई आली. आरशांची काचळी, म्हणजे त्यांची चोळी, घातलेली, नवी शिवलेली. ती विजयमालेजवळ बसली. मी पाण्याचा जग घेऊन तिथेच होतो, आणि खरं सांगायचं तर मुद्दाम होतो.

विजयमालेने तिचा हात धरला आणि म्हणाली, "मानी, मले माफ कर. चौदा महिने मी तुले एक शब्द नाही विचारला."

मानीबाईने कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. राखीचा तक्ता. मला आता उघड उघड पाहता येत होता. राखीची पद्धत अशी की मन लागेल तेव्हा काम धरू असं म्हणत बसायचं नाही, आधी काहीतरी लहान काम धरायचं, मन मागून येतं. आधी काय बरं वाटायचं ते एक निवडायचं आणि दर आठवड्याला करून खूण करायची. तक्त्याच्या पहिल्या ओळीत राखीच्या अक्षरात लिहिलं होतं, बाजाराच्या दिवशी विजयमालाबाईकडे चहा. पुढे खुणाच खुणा, कागदाच्या कडेपर्यंत.

"पहिल्या दिवशी राखीनं इचारलं, कुठं जावं वाटते," मानीबाई म्हणाली. "मी म्हतलं, कुठंच नाही. जिथं जावं तिथं इचारते, पोरगी कशी मेली, काय झालतं, कोण होतं. सांगून सांगून मी रोज तिले मारत होती, बाई. मंग तुह्याकडं आली. तू कापसाचा भाव सांगतला. मले वाटलं, इथं बसता येते."

विजयमालेने तक्त्यावरच्या खुणांवरून बोट फिरवलं.

"तू इचारलं असतं नं," मानीबाई म्हणाली, "तं मी दुसऱ्या बाजाराले आली नसती."

विजयमालेने ओढून तिला मिठीत घेतलं आणि दोघी रडल्या, नंतर हसल्या, आणि ते हसणं गल्लीपर्यंत ऐकू गेलं असेल असं मला वाटलं. मग विजयमाला माझ्याकडे डोळे वटारून म्हणाली, "मास्तर, तुम्हाले माहीत होतं." मी म्हणालो, तोंड तिकडे करायला तूच सांगितलं होतंस.

पुढच्या बाजाराला मानीबाई पाटी घेऊन आली. पाटी रिकामी करून पायरीवर बसली, आणि या वेळी तिने स्वतःहून मुलीचं नाव काढलं. मला ते एवढंच ऐकू आलं. बाकी ती दीड तास हळू आवाजात सांगत होती आणि विजयमाला तिचा हात हातात धरून ऐकत होती. संध्याकाळी आम्ही चार-पाच जण नेहमीच्या जागी ओट्यावर बसलो. विजयमाला आली आणि बसली. नवस फिटला होता, ती आता बांधलेली नव्हती. सोनाराच्या पुतण्याचं लग्न मोडलं ते तिने सांगितलं, तपशिलासह. मानीबाई काय म्हणाली ते एकीने विचारलं.

विजयमाला म्हणाली, कापसाचा भाव.

याला आता सहा महिने झाले. मानीबाई त्या दिवशी काय बोलली, ते आमच्या गल्लीत अजून कोणालाही माहीत नाही.